चोरी नव्हे, कटिंग

४ मार्च, दुपारी ३
घेतलं एकदाचं. शेजारच्या रिटायर्ड मुख्याध्यापिकाबाईंच्या कुंपणाला लागून एओनियम आहे. कमरेइतका उंच दांडा आणि वर ताटाएवढं जांभळ्या पानांचं फूल. बाई झोपल्या होत्या. आमची भाजीची सुरी, एक झटका, काम फत्ते. याला चोरी म्हणत नाहीत, कटिंग म्हणतात. तीन वर्षांत माझ्याकडे अशी दहा झाडं असतील. त्यातलं एक बाईंनाच भेट देईन.

५ मार्च
बाई सकाळपासून त्या बोडक्या दांड्यापाशी उभ्या आहेत. रिटायर झाल्या त्या दिवशी लावलेलं, असं बायको म्हणाली. मला वाईट वाटलं. फार वाटलं. रविवारी सांगून टाकणार.

८ मार्च, रविवार
बाईंकडे पाहुणे. चारचौघांत बरं दिसत नाही.

११ मार्च
बाईंनी माळीकाकांना यायचं बंद केलं. बागेत कात्री चालवणारा दुसरा कोण, असं बायकोला म्हणाल्या. चौदा वर्षं काका तिथे होते. दोन घास गेले, तेही पाण्याबरोबर. वाचनालयात पुस्तकाचं पान फाडणाऱ्या एका गृहस्थाला झापायला लागलो आणि मधेच थांबलो. त्यालाच माझी काळजी वाटली, खुर्ची दिली.

१४ मार्च
उपाय सुचला. काकांना आपल्याकडे कामाला ठेवलं. त्यांच्या पोटाची सोय, माझ्या मनाची सोय. आठ कुंड्यांना माळी कशाला, असं बायकोचं म्हणणं. तिला माणुसकी समजावून सांगितली.
कुंडीत लावलेलं एओनियम मलूल दिसतंय. पानं मिटतायत. रोज दोन तांबे पाणी घालतोय. एवढं मी कुणासाठीच केलेलं नाही.

१६ मार्च
काका आज पहिल्यांदा आले. कुंडी लपवायची राहून गेली.
काका तिच्यापुढे उकिडवे बसले. दांडा बोटांनी दाबून पाहिला. मऊ लागला. हे झाड उन्हाळ्यात झोपतं, त्याला पाणी सोसत नाही, असं शांतपणे सांगितलं. कुठून आणलं ते विचारलंच नाही. जाताना एवढंच म्हणाले, "बाईंना तुम्ही सांगाल ना?"
उद्याच सांगतो म्हणालो.

१७ मार्च
डोकं दुखतंय.

१८ मार्च
बाई साडेदहाला बाजारात जातात. मी पावणेअकराला गेलो. भेट झाली नाही. माझ्याकडून प्रयत्न झाला.

१९ मार्च
काका आले नाहीत. एओनियम कोलमडलं, आतून पार सडलं होतं. कचऱ्याच्या डब्यात टाकून वर पेपर घातला. मग पेपर काढून एकदा पाहिलं. पुन्हा घातला.

२१ मार्च
गेलो. वाक्य पाठ करून गेलो. बाई अंगणातच होत्या. पलीकडे काका वाफा खणत होते.
मी तोंड उघडायच्या आत बाईच सांगायला लागल्या. काका परवा येऊन कबूल करून गेले म्हणे. झाडाचा शेंडा मीच न विचारता कापला, रुजवायला नेला, सडला, माफ करा. बाई आधी खूप रागावल्या, मग त्यांना परत ठेवून घेतलं.
"चूक केली, पण निदान समोर येऊन सांगितली तरी," बाई म्हणाल्या. "एवढं तरी कोण करतं?"
काकांचा हात थांबला होता. त्यांनी वर पाहिलं नाही.
मी म्हणालो, "खरंय."
काका पुन्हा खणायला लागले.