‘नको’ची चौकट

पनवेल, १४ जून २०१२

प्रिय प्रणित,

फोनवर तू हसतोस आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहतं, म्हणून लिहायला बसले आहे. साखरपुड्याला अठरा दिवस उरलेत आणि मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे.

शनिवारी तू मला न्यायला वकीलबाईंच्या ऑफिसात आलास. मी झेरॉक्स काढायला गेले होते. तेवढ्यात तू माझा कॉम्प्युटर ‘आवरलास’. त्रेसष्ट पानं उघडी होती, हे तू अजून सगळ्यांना सांगत फिरतोस. मी परतले तेव्हा तुझा चेहरा असा, जणू माझ्यासाठी घर रंगवून ठेवलंस. त्या पानांच्या तीन चौकटी केल्या होत्यास : ‘ऑफिस’, ‘किरकोळ’ आणि ‘नको’. शेवटची तर मिटवूनही टाकलीस. वर म्हणालास, “हा कॉम्प्युटर होता की मासळीबाजार?” तुझी आजी चाळीस वर्षं करंजाच्या धक्क्यावर टोपली घेऊन बसली, प्रणित. कुठली टोपली कुणाची, हे तिथे कुणाला विचारावं लागत नाही.

चौकटी माझ्याही होत्या. टॅबचे गट करून त्यांना नावं द्यायची सोय ब्राउझरमध्ये आली, तेव्हा मी ऑफिसात काम घेऊन येणाऱ्या माणसांची नावं दिली. रामूकाकांच्या चौकटीत तळोज्याच्या कारखान्यांच्या वासाची तक्रार आणि त्यांच्या खोकल्याचे रिपोर्ट. मैनाआत्याच्या चौकटीत पेन्शनचा अर्ज आणि वयाच्या दाखल्याचं पान. आत्याला वाचता येत नाही. दर गुरुवारी मासळी विकून झाली की ती येते, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवते आणि विचारते, “माजा कागद उगडा हाय ना, पोरी?” आमच्याकडे पद्धतच पडली आहे, काम होईपर्यंत पान मिटायचं नाही. जाताना फक्त पडदा बंद करायचा. पद्धत चुकीची आहे, कबूल. वहीत नोंद हवी होती. पण तू तिचा अर्धा भरलेला अर्ज ‘नको’त टाकलास आणि तो गेला. वकीलबाईंची बोलणी मी खाल्ली, तुझं नाव सांगितलं नाही. आत्याला पुन्हा उरणहून कागद घेऊन यावं लागलं. तिने पडद्याच्या त्याच कोपऱ्यावर पुन्हा बोट ठेवलं, त्याचीच जास्त लाज वाटली.

तिचे कागद शोधताना हिस्टरी उघडली, तेव्हा ‘नको’त आणखी काय होतं ते दिसलं. क्रिकेटचा स्कोअर, एक रेसिपी आणि विधी महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज. त्यावर माझं नाव होतं. वडिलांचं होतं. तू ते वाचलंसच असणार. फोनवर विचारलं तर म्हणालास, “लग्नानंतर कुठे जमणार, तुझाच त्रास वाचवला.” मग हसलास. मैनाआत्याला तू ओळखत नव्हतास. मला ओळखतोस. गेली दोन वर्षं वडाळे तळ्याकाठी बसून मी तुला दुसरं काय सांगत होते?

आमच्या घरात पहिली पदवी आली, माझी, तेव्हा बाबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “याच्या फुडं काय हाय?” त्यांना अक्षर लागत नाही, तरी पुढे काहीतरी असतं हे त्यांना समजलं. तू इंजिनीयर आहेस.

काल मी अर्ज पुन्हा भरला आणि पाठवला. बाबांना म्हटलं, साखरपुडा थांबवा. ते जाळं सांधता सांधता म्हणाले, “त्याला तू सांग, आमी नाय.” म्हणून हे पत्र. तू मला अजून आवडतोस, याचाही राग येतो. रविवारी करंजाला आमच्या घरी ये. आईला घेऊन नको, एकटा ये. बाबांसमोर बस आणि सांग, की लग्नानंतर तीन वर्षं दमयंती कॉलेजला जाणार आहे. ‘जाऊ देईन’ म्हणू नकोस. ‘जाणार आहे’ म्हण. तेवढं तोंडातून निघणार नसेल तर येऊ नकोस. मांडववाल्याला ‘नको’ म्हणून मीच कळवीन.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
दमयंती