नाडी ऐंशी, श्वास अठरा

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आले एकदाची कोल्हापुरात! दादाने, म्हणजे प्रसेनजीतने, गारगोटीहून मोटारसायकलवर आणून सोडलं. मागे माझी ट्रंक, ट्रंकेवर गादी आणि मधे कशीबशी मी. सिग्नलला लोक असे बघत होते, जणू हा रुखवतासकट नवरी पळवून चाललाय. खोली लहान आहे, पण सकाळचं ऊन येतं आणि नळाला पाणी असतं. मला आणखी काय पाहिजे?

इचलकरंजीला दोन वर्षं नर्स म्हणून काढली, तिथे दहा खाटा आणि एक डॉक्टर. इथे चार मजले. आत शिरल्या शिरल्या माशांची काचेची पेटी, भिंतीवर देणगीदारांची नावं. बायकांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, बत्तीस खाटांचा. दिवसाला नर्स दोनच, मी आणि महादेवी सिस्टर. बाकीच्या रजेवर आहेत का, असं मी विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या. पंचवीस वर्षं झाली त्यांना इथे. माहेर निपाणीकडचं, पायांच्या शिरा सुजलेल्या, म्हणून उन्हाळा-हिवाळा घट्ट मोजे. मला तंगी म्हणतात. कानडीत धाकटी बहीण. मला आवडलं.

नेमणुकीच्या पत्रात ड्यूटी आठ तासांची आहे. आज आठला गेले ती संध्याकाळी सातला सुटले. पहिला दिवस म्हणून असेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहिला दिवस म्हणून नव्हतं. रोजच सात वाजतात.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक कागद अडकवलेला असतो. सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा वाजता त्यावर ताप, नाडी आणि श्वास लिहायचे. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, हे कॉलेजात आमच्याकडून घोटून घेतलंय. मी चार दिवस मोजली. बत्तीस बायकांचं मोजेपर्यंत दीड-दोन तास जातात, आणि तेवढ्यात सलाइनं संपतात, कुणाला उलटी होते, कुणाला न्यायचं असतं. आज साखरेच्या एका पेशंटचं इंजेक्शन तासभर उशिरा गेलं आणि तिला चक्कर आली.

डॉ. राजवर्धन सगळ्यांसमोर ओरडले. त्यांच्याकडे असे तीन दवाखाने आहेत. दहाला येतात आणि बारा मिनिटांत बत्तीस खाटा उरकतात. मी घड्याळ लावून बघितलंय. कागद सगळ्यांचे बघतात, तोंड एकीचंही नाही.

ते गेल्यावर महादेवी सिस्टर खाटाखाटांवरून कागद गोळा करून आल्या. खुर्चीवर बसल्या, पाय स्टुलावर ठेवले आणि सगळे कागद मांडीवर घेऊन दोनचं, सहाचं एकदमच भरून टाकलं. ताप ९८.४, नाडी ८०, श्वास १८. बत्तीसच्या बत्तीस. मी बघतच राहिले, तेव्हा म्हणाल्या, "पेशंट काय पळून जातोय व्हय, तंगी? पयलं नऊ जणी हुतो आमी, तवा मोजत हुतो की."

मला राग आला. त्यांचा आला की माझा, ते काही कळलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज मीही न मोजता कागद भरले. सगळे बत्तीस, दहा मिनिटांत. खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. चार बायकांना अंग पुसून दिलं, एकीचे केस विंचरले. खरं नर्सिंग तर हेच, अशी मनाची समजूतही घातली.

अकरा नंबरला आक्काताई म्हणून आहेत, कागलजवळच्या गावच्या. छातीत कफ, ताप. धाप लागलेली असतानाही वॉर्डभर सगळ्यांची गावं आणि पाहुणे विचारून झालेत. माझ्या गारगोटीतला त्यांचा एक भाचजावई निघालाच. मुलगा बाळासो सकाळ-संध्याकाळ येतो. घरी नवरा अण्णाप्पा, गुडघ्यांमुळे बसूनच असतात. त्यांना आपल्या बायकोच्याच हातचा चहा लागतो, असं सांगताना म्हातारी लाजली. मला फार आवडली ही बाई.

दुपारी म्हणाल्या, आग हुतीया अंगाची. हात लावला तर खरंच चटका बसला. थर्मामीटर लावला, ९८.४. दुसरा आणला, तोही ९८.४. नाडी मोजली, ऐंशी.

थर्मामीटर जुने झालेत. बदलून मागायला हवेत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नीट लिहून काढते, म्हणजे मलाच कळेल.

सहा नंबरच्या चिमणाबाई सकाळी अकराला गेल्या. मी जवळच होते. श्वास थांबला, नाडी नाही, डोळे वर. माणूस गेलेलं मला कळतं, मी काय कालची नाही. छाती दाबून बघितली, महादेवी सिस्टरांना हाक मारली, फोनकडे धावले. मागे वळून बघते तर चिमणाबाई उशीला टेकून बसलेल्या. चहा मागत होत्या. नाडी ऐंशी, श्वास अठरा. पापणी मात्र हलत नव्हती. पुढ्यात चहा ठेवला, तो गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसल्या.

संध्याकाळी सहाचा काटा पुढे सरकला आणि त्या आडव्या झाल्या. या वेळी झाल्या त्या झाल्याच.

महादेवी सिस्टर पाय चोळत बसल्या होत्या. त्यांना विचारलं. त्यांनी वरही बघितलं नाही. "सहाचं लिवल्यालं हुतं न्हवं? सहापत्तोर चालतंय." किती वर्षांपासून, म्हटलं. म्हणाल्या, चौघी जणी उरल्या तेव्हापासून. वर कळवलं नाहीत का? कळवलं होतं. वरच्यांनी उलट विचारलं, कागद पूर्ण आहेत का?

बुधवार, १२ फेब्रुवारी

झोप नाही. दादाचा फोन आला, काम कसं आहे म्हणाला. छान आहे म्हटलं. त्याला काय सांगू?

आज एक करून बघितलं. सातवी खाट आणि आठवी खाट शेजारी आहेत. मधे उभी राहिले आणि दोन्ही हातांनी दोघींच्या नाड्या धरल्या. एकीला दमा आहे, एकीला कावीळ. एक सत्तरीची, एक बावीसची.

दोन्ही ठोके एकदम पडत होते. एकालाही मागेपुढे नाही.

मग नववी आणि दहावी. मग तेरावी, चौदावी. सगळा वॉर्ड एकाच ठोक्यावर चाललाय. बायकांना ते कळत नाही. सकाळी मी भरलेलेच आकडे ते.

आक्काताईंना बोलता येत नाही आता, नुसती धाप. कागदावर श्वास अठरा. मोजला तर अठराच भरतो. समोर बघावं तर म्हातारी माशासारखी तोंड उघडतेय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज आक्काताईंच्या कागदावरचे सगळे आकडे मी खोडले. लाल पेनानं, आडव्या रेघा मारून. लगेच मोजलं.

ताप १०४.२. नाडी १३८. श्वास ४४.

जिवंत होत्या! आत कुठेतरी झगडत होत्या बिचाऱ्या. खरे आकडे लिहिले आणि कागद घेऊन धावत खाली गेले. डॉक्टर गाडीत बसत होते. ऑक्सिजन द्यायला हवा, औषध बदलायला हवं, एकदा वर चला, असं मी हात जोडून म्हटलं. त्यांनी कागद बघितला. खाडाखोड कुणी केली, म्हणाले. सोमवारी तपासणीला माणसं येणार आहेत, फाइलमध्ये असा कागद चालणार नाही, नवा करा. मी म्हटलं, बाई मरतेय. म्हणाले, कालपर्यंत नॉर्मल होती, शनिवारी अकराला घरी सोडायची ठरलीय. ऑफिसला फोन करून त्यांनी नवा कागद करायला सांगितलं. मी गाडीच्या दारात उभी राहिले. ते सौम्यपणे म्हणाले, सिस्टर, तुम्ही दमलाय. तेही दमलेले दिसत होते. माझा अर्धाएक तास तिथेच गेला.

वर आले. महादेवी सिस्टरांनी नवा कागद केला होता, सुरेख अक्षरात. थेट शनिवार सकाळी अकरापर्यंत.

आक्काताई बसल्या होत्या. धाप नाही. घाम नाही. हात गार. म्हणाल्या, "आता काय सुदीक दुकत न्हाय बग पोरी."

मी पुन्हा खोडलं. बोटं मनगटावर ठेवली. काहीच नाही. मान माझ्या खांद्यावर कलंडली, डोळे अर्धे उघडे. अर्ध्या तासापूर्वी ही बाई जिवंत होती.

आणि तेवढ्यात जिन्यावर बाळासोचा आवाज आला.

मी घाबरले. पेन हातातच होतं. शनिवारी अकरापर्यंतच्या सगळ्या रकान्यांत पुन्हा लिहिलं, ८०. माझ्या हातानं लिहिलं. आक्काताईंनी डोळे उघडले आणि मुलाला हाक मारली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

जेवण जात नाही. हाताला लाल शाई, निघत नाही.

बाळासोला जिन्यात गाठून सांगितलं. काय सांगितलं, कसं सांगितलं, आठवत नाही. तुमची आई बरी नाही, ती— पुढचं तोंडातून येईना. तो हसला. म्हणाला, "अवो ताई, बरी हाय की! परवा धाप हुती, काल बोलाय लागली. तुमचा हात लागला." शेतातली मक्याची कणसं घेऊन आला होता माझ्यासाठी. पाया पडायला वाकला. मी मागे सरकले.

महादेवी सिस्टर म्हणाल्या, घरी जाऊन झोप. मग वॉर्ड कोण बघणार, मी विचारलं. त्या मोजे वर ओढून कामाला लागल्या.

चार नंबरला नवीन पेशंट. पोटात दुखतंय म्हणते, लहान आहे, वीस-बावीसची, सौंदर्या नाव. तिचा कागद कोराच ठेवलाय. तिला मी स्वतः बघणार. निदान तिला तरी.

शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

अकराला कागद संपतो.

आक्काताई नऊवारी नेसून तयार. मला जवळ बोलावलं. मुलगा रिक्षा बघायला गेलेला. हळूच म्हणाल्या, कागद सरतोय व्हय गं?

माहीत आहे त्यांना. सगळं माहीत आहे.

म्हणाल्या, "मी हित नगं मराय. दारात तरी पोचतो. म्हाताऱ्याला एकडाव चा करून देतो. तवर लिव की पोरी, तुजं काय जातंय?"

मी रडले. त्यांच्या पदरात तोंड खुपसून, भर वॉर्डात. पदराला कसलाच वास नव्हता. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. गार.

१०.५०

घरी सोडलं की कागद रेकॉर्डला जातो. नेला. शिपाई हातातून घेऊन गेला. कोरे कागद तपासणीसाठी मोजून ठेवलेत, कपाटाला कुलूप. दुसरं काही नाही माझ्याकडे. या वहीत लिहिलं तर चालतं का, माहीत नाही. वरती नाव लिहिते.

आक्काताई. खाट ११.

११.०० — ९८.४, ८०, १८.

खिडकीतून बघतेय. रिक्षात बसल्या. बसल्यात नीट. चालतंय.

११.१५ — ९८.४, ८०, १८.
११.३० — ९८.४, ८०, १८.

चौथी खाट हाक मारतेय. आले म्हटलं.

११.४५ — ९८.४, ८०, १८.

बाळासोचा फोन. पोचले. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आई थेट चुलीपाशी गेली, चहा करतेय म्हणाला. बाबा रडतायत म्हणाला, आनंदानं.

१२.०० — ९८.४, ८०, १८.

चहा झाला असेल आता. थांबावं. एवढंच ठरलं होतं.

पुन्हा फोन. आई म्हणते, नात शिकवणीहून पाचला येते, ताईंना सांग— ताईंना बरोबर कळेल म्हणते.

पाच वाजेपर्यंत. पुढे लिहून ठेवावं म्हणून एक वाजताचं लिहायला गेले, तर पेन उठेना. दहशत बसलीय आगाऊ लिहिण्याची. आत्ताचं आत्ताच लिहायचं. दर पंधरा मिनिटांनी.

१२.१५ — ९८.४, ८०, १८.

सौंदर्या ओरडतेय. महादेवी सिस्टर खाली, सलाइनं आणायला. कुणी नाही. पाच मिनिटं थांब गं, म्हटलं. पोट धरून गुडघे छातीशी घेतलेत तिने. ओठ पांढरे. जायला हवं, नीट बघायला हवं, डॉक्टरांना— पण मी तिकडे अडकले आणि साडेबारा उलटले तर? म्हातारी चुलीपाशी, नवऱ्याच्या समोर—

१२.३० — ९८.४, ८०, १८.

आता जाते. पंधरा मिनिटं आहेत.

नाडी लागत नाही सौंदर्याची. नीट लागत नाही. बारीक आहे, सुटतेय. हात सोडत नाही माझा. उजवा हात. फोन टेबलावर वाजतोय. हात सोड गं. एक मिनिट सोड. डाव्या हातानं लिहितेय—

तिचा कागद कोरा. समोरच आहे. ऐंशी लिहिलं तर हिचं दुखणं थांबेल. आणि खरं मोजायचं तर मिनिटभर—

१२.४५ झाले. आक्काताई — ९८.४, ८०,