दुसरा वाजवणारा

२१ सप्टेंबर १९८६, रविवार

शिवदासचे डोळे पुन्हा भरून आले! विमा कंपनीतला माणूस, पोट पुढे, आणि म्हणे पंधरा दिवस घरी गझलांचा एकच डबल अल्बम चालू आहे – सकाळी दाढी करतानासुद्धा. दाढी करताना रडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एक बाजू ऐकवलीच. पंगतीतल्या शेवटच्या जिलबीसारखी – गोड आणि नकोशी.

चार माणसं, एक रविवार आड, सकाळी दहाला गोरेगावला दशरथ सामंतच्या फ्लॅटवर बैठक, आणि नियम एकच: सध्या घरी काय ऐकतोय ते सांगायचं, त्यातली एक बाजू लावायची. तेवढंही यांना पेलत नाही. दशरथ बँकेत ऑफिसर. तो रेकॉर्ड ऐकत नाही, कव्हर वाचतो. मागचा मजकूर पाठ करून येतो आणि विलंबित कुठे संपतं ते आम्हाला शिकवतो.

वनमालाबाईंनी आज कॅसेट आणली. म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोरांना गाणं शिकवतात. कॅसेट कोणा मोठ्या माणसाची नव्हे, त्यांची स्वतःचीच. घरी टेप केलेला पूरिया राग. कुठल्याशा संमेलनात नव्या गायकांना अर्धा तास देणार आहेत, त्यासाठी पाठवायची. “आधी भाऊंनी ऐकावी, भाऊंचा कान पक्का,” म्हणाल्या. भाऊ म्हणजे मी. ऐकली. आवाजाला धार नाही, तानपुऱ्याला जवारी नाही, सगळं घोंगडीखाली बसून गायल्यासारखं. तेच तोंडावर सांगितलं. पाठवू नका म्हटलं. त्यांनी मान हलवली, कॅसेट पर्समध्ये टाकली. दशरथ खिडकीबाहेर बघत बसला.

खरं बोलणारा एक तरी हवा ना!

२४ सप्टेंबर

शेवंतीला सगळं सांगितलं तर म्हणते, “तुमका कोणाचा कधी काय आवाडता?” गाण्यातलं बायकोला काय कळतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

दशरथकडे त्याचा दुबईचा मेहुणा आला होता. ओळख करून दिली – “हे आमचे परब. मिलमध्ये असून काय कान आहे बघा!”

मिलमध्ये असून. बँकेत असून काय कान आहे असं कोणी याला म्हणत नाही, कारण नाहीच आहे. सव्वीस वर्षं साचेखात्यात काढली मी. एका छताखाली कापड विणणारे तीनशे साचे, शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे. पाळी सुटली की घरी यायचं आणि पाणी प्यायच्या आधी रेकॉर्ड लावायची – तो खडखडाट कानातून धुऊन काढायला. चोर बाजारात गुडघ्यावर बसून एकेक रेकॉर्ड उन्हाला धरून निवडलीय. संपात मिल गेली, आता अंधेरीला औषधाच्या खोक्यांचा स्टोअरकीपर आहे. पण या चौघांत राग ओळखायचा तर माना माझ्याकडेच वळतात. ते मिलमध्ये असून नाही, बाबा. ऐकलं म्हणून.

मेहुण्याने स्टिरिओ आणलाय आणि वर हेडफोन. उजव्या कानाला एक वाद्य, डाव्या कानाला दुसरं. दशरथ असं सांगत होता जसं काही यानेच शोध लावला. एका गाण्याचे दोन तुकडे करून दोन कानांत वाटून द्यायचे, त्याला सुधारणा म्हणायचं! शिवदासने हेडफोन हातात घेऊन मुलीच्या सासरचा दागिना बघावा तसा बघितला.

पुढच्या वेळी त्याच्यावर ऐकणार. मी म्हटलं, मी एका स्पीकरच्या जुन्या मोनोवरच मरेन. कोणी हसलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

नीट लिहून काढतो.

दशरथने नवा अल्बम काढला. व्हायोलिन आणि सरोदची जुगलबंदी, महिनाभर घरी हाच चालू आहे म्हणे. हेडफोनवर प्रत्येकाने पाच-पाच मिनिटं ऐकायचं. आधी शिवदास – डोळे मिटून, अर्थातच. मग वनमालाबाई. मग मी.

व्हायोलिन सुरू झालं. बरं होतं. सरोदची वाट बघितली. व्हायोलिन थांबलं, मोकळी जागा आली, पुन्हा व्हायोलिन. पुन्हा मोकळी जागा. असं होता होता माझी पाच मिनिटं संपून गेली. मी हेडफोन काढला आणि सरळ विचारलं, सरोदवाला झोपलाय का? मग सुटलोच. म्हटलं, कव्हरवर दोघांची नावं, आत एकच वाजवतोय, ही कंपनीची शुद्ध लबाडी. तू कव्हर वाचतोस म्हणून तुला महिनाभर कळलं नाही. आजच्या आज कंपनीला पत्र टाक, मजकूर मी सांगतो. शिवदासने तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, तुला तरी सरोद ऐकू आला का रे, की नुसतेच अश्रू?

वनमालाबाई उठल्या. माझ्या हातातून हेडफोन घेतला, उलटा केला – डावं उजवीकडे, उजवं डावीकडे – आणि लहान मुलाला टोपी घालावी तसा माझ्या डोक्यावर बसवला.

“आता ऐका, भाऊ.”

सरोद होता. एकटा सरोद. व्हायोलिन कुठेच नव्हतं.

मग म्हटलं, वायर सैल असणार. दशरथ लगेच म्हणाला, हो हो, ती वायर सारखी सुटते. दुबईचा कोराकरकरीत हेडफोन, आणि वायर सुटते! त्याला धड खोटंही बोलता येत नाही.

चहा न पिता निघालो.

२० ऑक्टोबर

मनगटावरचं घड्याळ उजव्या कानाला लावलं – टिकटिक. डाव्या कानाला लावलं. किल्ली संपली असेल म्हणून पुन्हा उजव्या कानाला लावलं. संपलेली नव्हती.

२७ ऑक्टोबर

पालिकेच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाची. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन. (पुन्हा तोच.) आवाज आला की बोट वर करा म्हणाली. डाव्या कानापासून सुरू करते म्हणाली. मी बसलो. ती काचेपलीकडे बटणं फिरवतेय, कागदावर लिहितेय, मी आपला मशीन कधी सुरू होतंय त्याची वाट बघतोय. शेवटी खूण केली, कधी सुरू करणार? ती आत आली आणि म्हणाली, डावा झाला.

उजव्या कानाला काही वेळा बोट वर गेलं. काही वेळा नाही.

कुठे काम करत होता, तिने विचारलं. साचेखात्यात म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. डावा गेलेला आहे, परत येणार नाही. उजवा अर्धा आहे. त्यातही बारीक, उंच, चमकणारे आवाज बऱ्याच वर्षांपूर्वीच गेले असणार. माणसाला कळत नाही म्हणाली, कारण जाताना ते सांगून जात नाहीत. तिच्याकडे मिलमधले पुष्कळ येतात.

मी तिला विचारलं, तानपुऱ्याची जवारी ऐकू येईल का? तिला जवारी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं – तारेखाली दोरा सरकवला की सुराच्या वर जी बारीक झिणझिण उठते, ती.

“तेच गेलंय, काका,” म्हणाली.

बस चुकली. पायीच आलो.

२९ ऑक्टोबर

गेल्या तीन-चार वर्षांत मी कोणाकोणाला काय काय म्हटलं ते आठवत बसलो. दशरथची बासरीची रेकॉर्ड – “फुंकर आहे, सूर नाही.” शिवदासची ती गझलवाली बाई – “गळ्यात कापूस.” एका सतारीला तर मी पिंपावर वाजवल्यासारखी म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. कापूस, पिंप, घोंगडी. शब्द चांगले सुचत होते, ही एकच गोष्ट खरी.

बाकीचे मरू देत. रेकॉर्ड काढणाऱ्याचं काय बिघडलं? पण वनमालाबाई. अडतिशी ओलांडलेली बाई, दिवसभर पोरांच्या बेसूर प्रार्थना ऐकून घरी येऊन टेपसमोर बसलेली. तिला मी पाठवू नका म्हटलं. आणि संमेलनाची मुदत पंधरा ऑक्टोबरला संपली. मीच त्या दिवशी कॅसेटबरोबरच्या कागदावर तारीख वाचली होती.

शेवंतीला सांगितलं सगळं. ती ब्लाउजला हूक लावत होती, लावतच राहिली. मग उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. सगळे फटाके उजवीकडेच फुटतायत.

५ नोव्हेंबर

उद्या वनमालाबाईंकडे जायचं. इथेच जोगेश्वरीत, गुंफांच्या रस्त्याला राहतात. काय बोलायचं ते ठरवलंय. चूक माझी, मत माझ्या कानाचं होतं, तुमच्या गाण्याचं नव्हे. पुढच्या वर्षी नक्की पाठवा. रडारड नको. त्या रडल्या तर उठायचं. बैठकीत सांगायचं नाही, ही एक अट घालायची. शिवदासला कळलं तर वर्षभर डोळे पुसत फिरेल.

६ नोव्हेंबर

सांगितलं. त्या स्टोव्हपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, कॅसेट मी दुसऱ्याच दिवशी पोस्टात टाकली, भाऊ.

माझ्या कानाचं त्यांना मे महिन्यापासून माहीत होतं. दशरथला त्याच्या आधीपासून. शिवदासला सगळ्यांच्या आधी.

मग मला विचारलंत कशाला, म्हटलं.

त्यांनी कप पुढे ठेवला. “शिवदास म्हणाले, परबांना विचारायचं थांबवू नका. मिल गेली, आता एवढंच आहे त्यांच्याकडे.” मग म्हणाल्या, “पण त्या दिवशी तुम्ही हेडफोन काढून सुटलात, तेव्हा मला राहवलं नाही. किती दिवस असं चालवायचं?”

उठायला हवं होतं. उठलो नाही. म्हटलं, तोच पूरिया गा. आणि खुर्ची फिरवून उजवा कान त्यांच्याकडे केला.

धार पोचली नाही. बाकीचं पोचलं. चांगलं होतं.