मध्यंतरानंतरचा सिनेमा

नलू,

बाळाला मी शिकवणीला नेतो आहे. रडला तर पोरांना मोठ्याने पाढे म्हणायला लावीन, मग तो गप्प बसून ऐकतो. तू कालच्याच सिनेमाच्या तीनच्या खेळाला जा. शेजारच्या ठमाबाई सोबत येतील, त्यांना सांगून ठेवले आहे.

काल जेवताना आमच्याकडून नायिकेचा शेवट ऐकून तू म्हणालीस, "तिने शेवटी सासरी परत जायला नको होते." सुधीर हसून म्हणाला, "मध्यंतरानंतर बाळाला घेऊन बाहेर उभी होतीस, तुला काय कळणार?" तू ताटे उचललीस. सुधीर माझाच मुलगा, पण ते मला लागले. बाळ त्याचेही आहे. काल तो जागचा हलला नाही, आणि मीही हललो नाही.

मला विचारशील तर मारामाऱ्या उगाच लांबवल्या आहेत, वकिलाचे काम मात्र झकास. ती परत का गेली ते सांगत नाही, तू स्वतः बघ. मत बदलले तर बदलले. नाही बदलले तर आज सुधीरसमोर पुन्हा तेच म्हण, कारणासकट. त्याला मध्ये बोलू देणार नाही.

तात्या