मास्क झकास आहे

अहो,

शेडला कुलूप लावलंय आणि किल्ली मी सोबत नेलीय, शोधत बसू नका. लाल गाडीवाल्याला फोन करून सांगितलंय, आज रंग मारणार नाही म्हणून.

काल तुम्ही जेवत होतात तेव्हा मी शेड झाडायला गेले आणि तुमचा मास्क तोंडाला लावला. दोन मिनिटांत थिनरचा वास थेट डोक्यात गेला. फिल्टर केव्हाच संपलेत. आणि तुम्ही चार महिने ज्याला त्याला सांगत फिरताय, मास्क झकास आहे, आत जरासुद्धा वास येत नाही.

म्हणून आज तुम्ही दाढी करायला बाहेर गेल्यावर मी दूध मुद्दाम करपू दिलं. गॅस बंद केलाय, पातेलं मागच्या दाराबाहेर ठेवलंय, खिडक्या मात्र सगळ्या लावल्यात. ही चिठ्ठी नाकाला पदर लावून लिहितेय.

मी दवाखान्यात नंबर लावून बसते. घरात पाऊल टाकताच वास आला असेल, तर मी मूर्ख ठरले, खुशाल हसा. चिठ्ठी वाचून कळलं असेल, तर बसूही नका, आल्या पावली इकडे या.