पाच वर्षांची हमी आणि धोंडुबाईंची चटणी

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार

तीर्थस्वरूप अक्का,

शरणु शरणार्थी. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझा खोकला गेला का, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध तू पितेस की नुसतं कपाटात ठेवून त्याच्याकडे बघतेस, ते खरं खरं कळव. फोनवरच विचारलं असतं, पण माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत तू "बरं, ठेवते" म्हणतेस. म्हणून हे पत्र. यात तुला मला मध्येच तोडता येणार नाही (पान उलटू नकोस).

दसऱ्याला फ्लॅटची किल्ली घेतल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, की आता पाच वर्षं बघायला नको, वॉरंटी आहे. कशाची वॉरंटी, कोण देणार, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. करारनामा ऐंशी पानांचा. त्यातलं पहिलं पान (नाव बरोबर आहे का) आणि शेवटचं (सही कुठं करायची) एवढीच मी वाचली. तुझ्या भावजयीने मात्र तो अख्खा वाचला, पेन्सिलीने खुणा करत. मी तिला हसलो. विद्याश्रीने ते हसणं लक्षात ठेवलं, हे पुढे कळेलच.

एप्रिलच्या मध्याला दारावर थाप पडली. दारात खालच्या मजल्यावरच्या धोंडुबाई, हातात चिनी मातीची बरणी. तोवर आमची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरतीच होती. मला वाटलं, शेजारधर्म म्हणून काही घेऊन आल्या. मी हात पुढे केला.

"घेऊ नका, बघा," त्या म्हणाल्या. "वर्साची कांदालसूण चटणी हाय. आठ किलो. माळ्यावर ठेवलेली. तुमच्या न्हाणीचं पाणी पडलंय हिच्यात. आता ही खाऊ का हिनं आंघूळ करू, सांगा पावणं!"

बरणीत चटणीवर चार बोटं पाणी तरंगत होतं. अक्का, धोंडुबाईंचे पुण्याला दोन लेक, त्यांचे डबे ठरलेले, आणि आठ दिवस डंकावर उभं राहून कुटून आणलेली चटणी. मला वाटलं, फरशी दुभंगावी आणि आपण खाली जावं. पण खाली धोंडुबाईंचंच घर.

मी तडक बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथं आदर्श नावाचा, मुलगी बघायला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ असतो. तो नाही म्हणतच नाही. "व्हय सर, करून देतो की" म्हणतो, आणि एक मिस्त्री येऊन फरशीच्या फटीत पांढरं सिमेंट भरून जातो. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा खाली गळलं. चौथ्यांदा गेलो तेव्हा आदर्श म्हणाला, "इमारत नवी हाय सर, अजून बसतीया. बसली की थांबतंय." (त्या दिवसापासून मी जिना हलक्या पावलांनी उतरू लागलो.)

मी टेबलावर हात आपटून "पाच वर्षांची वॉरंटी!" म्हणालो. त्याने शांतपणे समजावलं, की नळाची वॉरंटी नळाच्या कंपनीची, एक वर्षाची, लिफ्टची लिफ्टवाल्याची, रंगाची कुणाचीच नाही. आणि गळतीचं म्हणाल, तर ते आंघोळ करणाऱ्यावर असतं. "तुमची आंघूळच लई मोठी आसंल."

मग माझ्या आंघोळीची तपासणी झाली. अक्का, चाळीस वर्षांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता. मी बर्म्युडा आणि बनियनवर न्हाणीघरात, दारात आदर्श आणि मिस्त्री, मागे वही घेऊन विद्याश्री, आणि खाली माळ्याशी स्टुलावर धोंडुबाई. मी तांब्या ओतायचा आणि खालून आवाज यायचा.

"न्हाय आलं!"

दुसरा तांब्या. "न्हाय आलं!" आदर्श विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघू लागला. सातव्या तांब्याला खालून अशी आरोळी आली की समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या. "आलं! आलं! डोळ्यात आलं!"

मिस्त्रीने खाली जाऊन बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की फरशीखालचा पाइपाचा जोड नुसताच बसवलाय, चिकटवायचा राहिलाय. आदर्श त्याच्याकडे असा बघत होता की बिचाऱ्याने जीभ चावली.

तेव्हा विद्याश्रीने वही मिटली आणि करारनामा उघडला. पेन्सिलीची खूण होती तिथं. बांधकामात किंवा कारागिरीत दोष असेल आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत तो कळवला, तर बिल्डरने तीस दिवसांत आणि फुकट दुरुस्त करायचा. रेराच्या, म्हणजे बिल्डरांसाठीच्या, कायद्यातही हेच आहे. "जोड चिकटवणं कारागिरीत येतं ना?" तिने एवढंच विचारलं. त्याच दिवशी फोटोंसकट लेखी अर्ज गेला, आणि त्यावर पोच घेतली. मी चार वेळा जाऊन नुसता ओरडत होतो. ओरडण्याची पोच मिळत नाही, हे मला तेव्हा समजलं.

तेविसाव्या दिवशी बिल्डर अमरसिंह स्वतः आले, मिस्त्रीने फरशी उकलली, जोड चिकटवला, परत फरशी बसवली. आता दहा बादल्या ओता, खाली टिपूस नाही.

मधले तेवीस दिवस आमची आंघोळ कुठं, असं तू विचारशील. धोंडुबाईंकडे. त्याच वर येऊन म्हणाल्या, "माझ्या खाली गाड्या लावत्यात. आमच्याकडं करा आंघूळ, गाड्या धुऊन निघतील." पहिल्या दिवशी मी टॉवेल घेऊन लाजत उतरलो. चौथ्या दिवसापासून आंघोळीनंतर चहा मिळू लागला, आणि दहाव्या दिवशी मी 'पावणं'चा 'सोमा' झालो. शेवटी शेवटी साबण संपला की त्या मलाच बोलायच्या.

एक शिकलो. बिल्डरची चूक बिल्डर निस्तरतो. पण नळाचा वायसर झिजला, टाकी धुवायची झाली, मोटर जळली, तर ते आपलंच. सोसायटीच्या देखभालीच्या वर्गणीवरून मी पहिल्या मीटिंगला भांडलो होतो. परवा मी ती पहिल्या तारखेला भरली. सेक्रेटरींनी ताप आहे का म्हणून माझ्या कपाळाला हात लावून बघितलं.

तुझा,
सोमशेखर

ता. क. चटणीला वॉरंटी नाही. धोंडुबाई भरपाई घेत नाहीत. तेव्हा गडहिंग्लजच्या बाजारातून चांगली संकेश्वरी मिरची घे आणि तुझ्या हाताने आठ किलो चटणी करून आण. पोस्टाने पाठवू नकोस. आण.

ता. क. दुसरा. 'आण' म्हणण्याचं कारण असं. आमच्या समोरचा फ्लॅट बिल्डरकडे अजून विकायचा राहिला आहे. तीस वर्षं तू भाड्याच्या दोन खोल्यांत काढलीस, आणि दरवेळी "आता एकटीला कशाला घर" म्हणून विषय संपवतेस. वर लिहिलेलं सगळं वाचून तू घर घ्यायचा विचार कायमचा सोडशील, असं विद्याश्री म्हणते. पत्र फाडून नवीन लिही, म्हणते. पण मी फाडणार नाही. तुला सगळं कळू दे. आदर्शला मी पंधरा दिवस थांबायला सांगितलंय (तो व्हय म्हणाला). करारनामा विद्याश्री वाचायला बसली आहे, बावन्नाव्या पानावर आहे. त्या घराच्या गॅलरीतून कारखान्यापर्यंत नुसता ऊस दिसतो, आणि सकाळचं ऊन थेट आत येतं. नको म्हणायचं असेल तर जरूर म्हण, पण तिथं उभी राहून म्हण.