ओळखीच्या माणसांची तपासणी

१२ जून २०१८, मंगळवार
नवी वही. निळी, जाड पुठ्ठ्याची. ऑफिसच्या खर्चात टाकायला गेलो तर ग्लेनिसने पावती परत केली. ग्लेनिस वडिलांच्या वेळेपासून ऑफिसात आहे, आणि सत्तावन्न वर्षांच्या मला अजून अर्ध्या चड्डीतला समजते.

वहीचं कारण: एक जुलैपासून काळ्या पैशाचा कायदा आम्हा वकिलांनाही लागू. अशील कोण, राहतो कुठे, पैसा आणला कुठून, सगळं तपासायचं. वकिलामार्फत घरं-बिरं घेऊन काळ्याचं पांढरं करतात म्हणे लोक. ऑकलंडला करत असतील. आमच्या गावात पांढरं म्हणजे मेंढी.

प्रत्येक फर्ममध्ये एक जबाबदार अधिकारी हवा. मी हात वर केला. रिपेका टीपा, माझी भागीदार, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. हेलावली असावी.

तिला इन्व्हरकार्गिलच्या मोठ्या फर्मने बोलावलंय. सकाळी तोंडावर सांगितलं: नाताळपर्यंत थांबते, हेक्टर. तोवर एक काम, एकच काम, तू शेवटाला नेलेलं मला बघू दे. ती गेली तर फर्म गेली. नव्वद टक्के काम ती करते, उरलेल्यावर मी देखरेख ठेवतो. दारावरची पाटी वडिलांनी लावली त्याला एकसष्ट वर्षं झाली. ती माझ्या हाताने उतरणार नाही.

संकल्प: रोज दोन तास कायद्याचं वाचन.

१३ जून
वाचन झालं नाही. वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

२८ जून, गुरुवार
फॉर्म तयार! चौदा पानं. रिपेका म्हणाली, दोन पानांत बसलं असतं. तिला बारकाव्याची आवड नाही. ग्लेनिस म्हणाली, आधी स्वतःवर भरून बघ, तुझ्याकडे तरी हे कागद आहेत का. वेळ नाही म्हटलं. अधिकाऱ्याने स्वतःचा फॉर्म भरायचा असतो का?

२ जुलै, सोमवार
कायद्याचा पहिला दिवस. नवा टाय.

पहिली अशील एफी मॅकर्चर, वय सत्त्याऐंशी. घर नातीच्या नावावर करायचंय. पासपोर्ट मागितला. म्हणाली, मी सामुद्रधुनी ओलांडून उत्तरेच्या बेटावरही कधी गेले नाही, पासपोर्ट कशाला? गाडीचं लायसन्स मागितलं. कोंबड्यांच्या खुराड्यात गाडी घातली तेव्हाच परत केलं म्हणे. विजेचं बिल? नवऱ्याच्या नावावर. नवरा? शहाण्णव साली गेला.

मी खेद व्यक्त केला आणि नकार दिला. तर म्हणते, अरे बाळा, तू जन्मलास तेव्हा सुईण मी होते. तुझी नाळ या हातांनी कापली. पाठीवरचा डाग दाखवू का सगळ्यांना? कोण कोणाला ओळखत नाही सांगतोस?

नियम म्हणजे नियम. ती उठली आणि आणलेला कॅरॅमल केक परत घेऊन गेली. अख्खा.

३ जुलै
रिपेकाने एफीचं काम अर्ध्या तासात उरकलं. पेन्शन खात्याचं पत्र आणि बँकेचा उतारा चालतो म्हणे, कायद्यातच आहे. मीही तेच सुचवणार होतो. केक रिपेकाच्या टेबलावर. मला एक तुकडा मिळाला, कडेचा.

६ जुलै, शुक्रवार
प्रशिक्षण घेतलं. हजर: रिपेका, ग्लेनिस. ग्लेनिसने चीज रोल केले होते आणि सगळं लक्ष त्यांच्यात. शेवटचा नियम मी उभा राहून सांगितला: पैशाचा संशय आला की कामकाजाच्या तीन दिवसांत पोलिसांना कळवायचं, आणि ज्याच्याबद्दल कळवलं त्याच्या कानावर चकार शब्द जाऊ द्यायचा नाही. मित्र असो, भागीदार असो, सख्खा भाऊ असो!

हे 'भागीदार असो' मला तिथल्या तिथे सुचलं. रिपेकाने लिहून घेतलं. बोलता बोलता माझ्या अंगावर काटा आला. ही आता फर्म सोडून जात नाही.

१९ जुलै, गुरुवार
डार्सी कूट्स आला. चाळीस वर्षांची मैत्री. लग्नात माझ्या शेजारी तोच उभा होता. लग्न गेलं, डार्सी राहिला.

हायवेवरचं मोटेल घेतोय. थोडं कर्ज, बाकी रोख. रोख आणली व्हॅनिला आइस्क्रीमच्या पाच डब्यांतून. नोटांना माशांचा वास. म्हणाला, व्हाइटबेटचे पैसे रे. बरोबरच आहे. वसंतात मटाउरा नदीच्या मुखाशी ते बोटभर काचेसारखे मासे धरायचे, आइस्क्रीमच्या डब्यात भरून रोखीने विकायचे, हे इथे सगळेच करतात. विचारत कोणी नाही.

फॉर्म पुढे केला तर लेकाचा एवढा हसला की खुर्ची धरावी लागली. म्हणाला, हेक्टर, माझी ओळख? तुला? मलाही हसू आलं. चौदाही पानांवर प्रत्येक चौकटीत लिहिलं: 'व्यक्तिशः परिचित.' मनगट दुखतंय.

२० जुलै
ग्लेनिस नदीकाठी वाढलेली. सकाळीच म्हणाली, एवढ्या पैशाचे मासे धरायचे तर नदीत पाणी कमी आणि मासे जास्त हवेत. आणि जुलैत कुठला व्हाइटबेट? हंगाम पंधरा ऑगस्टला, हिवाळा सरता सरता. मी म्हटलं, गेल्या वर्षीचे असतील. तर म्हणे, गेल्या वर्षी तुम्ही दोघं एक कप मासे आणि चार ओले मोजे घेऊन आला होतात. मोजे मीच वाळवले.

बायकांना मैत्री कळत नाही. रिपेका ऐकत होती. हंगामाची तारीख तिने लिहून घेतली. माझ्यावर विश्वास बसत चाललाय.

१५ ऑगस्ट, बुधवार
हंगाम सुरू. पहाटे डार्सीसोबत नदीवर. दुपारपर्यंत मिळून एक चहाचा कप. डार्सीचा नवा ट्रक काठावर, सीट चामड्याच्या. अधिकारी या नात्याने, पण त्याला कळणार नाही अशा बेताने, विचारलं: गेल्या वर्षी कसं होतं रे? म्हणाला, बरं होतं. उत्तर समाधानकारक. नोंद केली.

मोजे ओले.

११ सप्टेंबर, मंगळवार
डार्सी पुन्हा. आणखी सहा डबे, या वेळी स्ट्रॉबेरी. त्यातल्या दोन डब्यांना माशांचा वास नव्हता.

हे खटकलं. जेवण गेलं नाही. दोनदा वहीत लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. चाळीस वर्षं. याने माझ्या घटस्फोटात माझ्या कुत्र्याला महिनाभर सांभाळलं.

१३ सप्टेंबर, गुरुवार
ठरलं. कळवायचं. कर्तव्य आधी, दोस्ती नंतर. रिपेका बघेल, हेक्टर मॅकलिश काम शेवटाला नेतो.

मात्र पाठीमागून वार करणं आमच्या रक्तात नाही. शेजाऱ्याची मेंढी कुंपण तोडून आली तर इथला माणूस आधी त्याच्या दारात जातो, मग तक्रार करतो. वडिलांनी हेच शिकवलं. म्हणून संध्याकाळी डार्सीकडे गेलो आणि तोंडावर सांगितलं: बाबा रे, उद्या मला तुझ्याबद्दल कळवावं लागणार, मनात काही ठेवू नकोस.

शांतपणे ऐकून घेतलं त्याने. चहा केला. माझा हात धरून म्हणाला, हेक्टर, तुझ्यासारखा माणूस नाही. दोघांचेही डोळे भरून आले. निघताना बजावलं, हे कोणाला सांगू नकोस हं, गुप्त आहे.

मन हलकं झालं.

१४ सप्टेंबर
अहवाल पाठवायला बसलो. पासवर्ड चुकला. तीनदा. खातं बंद. सोमवारी बघू.

१७ सप्टेंबर, सोमवार
डार्सीचं फाटक बंद. कुत्रा शेजारी बांधलेला. शेजारी म्हणाला, शुक्रवारी पहाटेच गेला, समुद्रापलीकडे क्वीन्सलँडला, बहिणीकडे. डार्सीला बहीण आहे हे मला माहीत नव्हतं. तब्येतीचं काहीतरी असेल. तिच्या.

१८ सप्टेंबर
पोलीस. दोघं, थेट वेलिंग्टनहून. डार्सीची फाइल मागितली. अभिमानाने चौदा पानं पुढे केली. धाकट्याने एकेक पान उलटलं, मग पुन्हा पहिल्यापासून. विचारलं, सगळीकडे हेच लिहिलंय? म्हटलं, एकही चौकट मोकळी सोडलेली नाही.

शेवटचे कधी भेटलात, असं थोरल्याने विचारलं. गुरुवारची सगळी हकीकत सांगितली, मेंढीसकट. दोघांचे हात थांबले. एकमेकांकडे बघितलं. मग बराच वेळ नुसते लिहीत होते.

रिपेका खिडकीपाशी उभी होती. तोंड भिंतीकडे.

९ नोव्हेंबर, शुक्रवार
आता चौकशी माझीच चाललीय. डार्सीचा पत्ता नाही. तो गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्याला धरणार होते म्हणे.

आज कागद आले. त्यात कळलं: डार्सीबद्दल आमच्या ऑफिसातून अहवाल गेला होता. तेवीस जुलैला. मुदतीत, नीट, पुराव्यांसकट. सही रिपेकाची.

पुढच्याच टेबलावर बसून ही बाई दोन महिने माझ्यासोबत चहा प्यायली आणि चकार शब्द नाही. भागीदार असो! माझंच वाक्य. रागवावं की पाठ थोपटावी कळेना. आतापर्यंतच्या माझ्या सगळ्या कामात लागू पडलेलं हे एकच प्रशिक्षण.

जाऊन विचारलं. म्हणाली, मला सांगता येत नव्हतं, हेक्टर. वाटायचं, आज तू स्वतः माझ्याकडे येशील आणि म्हणशील, रिपेका, या पैशाचं काही खरं नाही. रोज वाट बघितली.

मी म्हटलं, पासवर्ड चुकला होता.

ती रडायला लागली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. रुमाल शोधला, माझ्याकडे नव्हता.

२१ डिसेंबर, शुक्रवार
रिपेका गेली. कप, कुंडी, भिंतीवरचं प्रमाणपत्र. थांब म्हटलं. नव्या वर्षासाठी संकल्प तयार आहेत, वाचून दाखवू का? म्हणाली, नाताळपर्यंत म्हटलं होतं, नाताळ आला. दारात मिठी मारली आणि कुंडी घेऊन गाडीत बसली. ग्लेनिसही तिच्यासोबत, तिकडच्या फर्मला. जाताना मोज्यांची जोडी टेबलावर ठेवून गेली. नवी.

माझी सनद तूर्त वकिलांच्या संस्थेने काढून घेतलीय. मी याला विश्रांती म्हणतो.

पाटी उतरवायला माणूस बोलावला होता. आला नाही. शेवटी मीच उतरवली. मागे भिंतीचा मूळ रंग निघाला, हिरवा. मला आठवतही नव्हता.

१२ मार्च २०१९, मंगळवार
ऑफिसची इमारत विकायचीय. स्वतःचे कागद स्वतः करता येत नाहीत, म्हणून इन्व्हरकार्गिलला गेलो. रिपेकाकडेच. घरचं माणूस, अडवणार नाही.

बाहेर ग्लेनिस. तिने फॉर्म दिला. बघतो तर माझाच! चौदाचा दोन पानांचा केलाय, पण पत्त्याच्या पुराव्याचा परिच्छेद शब्दन् शब्द माझा. छाती फुगली. आत गेलो, म्हटलं, तर तू हा वापरतेस. म्हणाली, तेवढा भाग चांगला होता. मी तुला कधी म्हटलं नव्हतं, म्हणायला हवं होतं.

मग फॉर्म मागितला. लायसन्स? जानेवारीत संपलं. पासपोर्ट? दोन हजार चारचा. विजेचं बिल काढून दिलं. तिने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. वडिलांच्या नावावर आहे. ते जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली.

म्हटलं, रिपेका, बावीस वर्षं एका खोलीत बसलो आपण. मला ओळखत नाहीस?

म्हणाली, ओळखते रे. म्हणून तर मागतेय.

आवाज चढला नव्हता. तेच लागलं. डार्सीला मी हे एकदा म्हटलं असतं तर आजही आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी तीन कप लागले असते. ग्लेनिसने मला बाहेर कॅरॅमल केक दिला. एफीने पाठवलेला. कडेचा तुकडा.

बसने परत. वीज कंपनीला फोन केला, बिल माझ्या नावावर करा म्हटलं. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग मुलगी म्हणाली, करू ना सर, फक्त तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पाठवा.